आईचं नाक गेलंय, आणि घरात ते फक्त मलाच माहीत आहे

मेतकूट

प्रश्न आईच्या नाकाचा आहे. कान-डोळ्यांचाही आहे, पण त्यांच्यासाठी दुकानं आहेत, शिबिरं आहेत, शेजारणींचे सल्ले आहेत. नाकाचं काय करतात ते कुणी सांगत नाही, म्हणून इथे विचारते. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

आई ८१ वर्षांची. नारायण पेठेत आम्ही दोघीच राहतो. बाबा अचानक गेले तेव्हापासून ती घरून गोडा मसाला, भाजणी आणि मेतकूट करून विकते. पाटी नाही, जाहिरात नाही. सुरुवातीला बाबांच्या ऑफिसातल्या बायका घ्यायच्या, मग त्यांच्या सुना घ्यायला लागल्या, आता त्या सुनांची परदेशी गेलेली मुलं जाताना बॅगेत भरून नेतात. मी नोकरी सोडल्यापासून सामान आणणं, कांडपाला नेणं, पाकिटं भरणं आणि हिशेब माझ्याकडे आहे. भाजायला मात्र ती मला हात लावू देत नाही. "तुला घाई असते," एवढंच कारण. ते खरंही आहे.

यंदा उन्हाळ्यात ती मसाल्याचं खोबरं भाजत होती. मी बाहेरच्या खोलीत धणे निवडत बसले होते, तिथपर्यंत करपट वास आला. आत जाऊन बघते तर बाई शांतपणे उलथनं फिरवतायत. किसाचा रंग सुपारीसारखा झालेला.

"आई, खोबरं लागलं."

"कुठे लागलंय? आत्ता कुठे रंग धरतंय."

मग तिने चिमूटभर तोंडात टाकलं, जरा थांबली आणि म्हणाली, "यंदा खोबरंच जुनाट दिलंय त्याने. कुठून आणलंस?" रविवार पेठेतून, दरवर्षी जिथून आणते तिथूनच आणलं होतं.

तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. हेरगिरी म्हणा हवं तर. दूध नासलंय हे तिला चहा फाटल्यावर कळतं. ओट्यावरचं फडकं कुबट झालं की पूर्वी मला चार शब्द ऐकायला लागायचे, आता एकही ऐकायला लागत नाही. देवापुढे एक उदबत्ती लागायची तिथे तीन लागतात, कारण "हल्लीच्या उदबत्त्यांत दमच नसतो". आमटीत मीठ वाढलंय आणि त्याला तोलायला गूळही वाढलाय. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे मिठाचं प्रकरण मला हसण्यावारी नेता येत नाही.

मग असं लक्षात आलं की भाजण्याचं काम एकट्या नाकावर कधीच चालत नव्हतं. धणे-जिरे वासावर, खोबरं आणि डाळी रंगावर, तीळ कानावर. तीळ तडतडायला लागले की कढई उतरवायची, हे तिनेच मला लहानपणी शिकवलं. ती तर शेगडीकडे पाठ करून भाजी चिरता चिरता तीळ भाजायची. आता कढईवर वाकून बघत बसते. म्हणजे एक इंद्रिय मंदावलं की दुसरं त्याचं काम ओढून नेत होतं, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला पत्ता लागला नाही, तिलाही नाही. आता ओढणारेच दमलेत.

कानाचं सांगायचं तर, एका बाईंनी फोनवर मसाल्याची साठ पाकिटं सांगितली, मुंजीत द्यायला. हिने वहीत आठ लिहिली. मी सवयीने उलटा फोन करते म्हणून निभावलं. सध्या नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालू आहे. खिडकीत बसून म्हणते, "यंदा ताशे कमी घेतलेत वाटतं."

बोटं मात्र शाबूत आहेत. गिरणीतून भाजणी आली की चिमटीत घेऊन चोळते आणि "जरा बारीक काढलंय त्याने, थालीपीठ चिवट होणार" असं सांगते. आजवर एकदाही चुकलेली नाही.

एकदा हळूच विषय काढून बघितला. तर तिने तापल्या तव्यावर दोन सुक्या मिरच्या टाकल्या. दोघींना ठसका लागला, दोघींच्या डोळ्यांत पाणी. "बघ, आहे ना नाक?" यावर मी काय बोलणार?

तर विचारायचंय ते असं. नाक कुठे तपासतात का, आणि तपासून काही होतं का? कान, डोळे, नाक यांपैकी आधी काय दाखवू? गेल्या वर्षी आमच्याकडे सिलिंडर जाऊन पाईपचा गॅस आलाय, त्याचं काय करू? आणि मुख्य म्हणजे तिला सांगू कसं? तिच्या हाताला चव आहे असं सगळे म्हणतात. ती चव हातात नव्हती, नाकात होती, हे तिला कोणी सांगायचं? चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी आत्तापासून यायला लागल्यात.

स्पष्टच_सांगतो

८१ म्हणजे कष्ट पुष्कळ झाले. धंदा बंद करा, त्यांना आराम करू द्या. इतका विचार करण्यासारखं यात काही नाही. आणि विकता आहात तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी केली असेलच. घरगुती असलं तरी लागते, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मेतकूट

नोंदणी आहे, पाकिटावर नंबरही आहे. धंदा बंद करायचा की नाही हे मी विचारलं नव्हतं. आराम दिला तर ती दिवसभर माझे दोष काढेल, त्यापेक्षा डाळींचे काढलेले बरे.

कर्णधार

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करतो. नाक माझ्या खात्यात येत नाही, पण रोज याच वयाची माणसं बघतो, त्यामुळे दोन्हीवर लिहितो.

आधी कान. वयामुळे कान जातो तो वरच्या पट्टीकडून. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते नीट पोचतात. स, श, फ, ख, थ यांच्यातला बारीक, फुसफुसता भाग गळतो. म्हणून अशी माणसं "ऐकू येतं पण कळत नाही" म्हणतात. "साठ"मधला स गळला की उरतं ते "आठ". शिवाय साधा फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो आणि "स"चा बराचसा जोर ४००० च्या वर असतो, त्यामुळे त्या वहीतल्या आठमध्ये फोनचाही वाटा आहे. ऑर्डरी लेखी घ्या. ढोल आणि ताशाचं तुमच्या आईंनी जे सांगितलं ते तर आमच्या ऐकण्याच्या आलेखाचं वर्णन आहे: खालची पट्टी ठीक, वरची घसरलेली. तिळाची तडतडही तशीच बारीक आणि क्षणभराची. शेगडीच्या आणि एक्झॉस्टच्या घरघरीत ती सगळ्यात आधी हरवते.

घरात ओरडून बोलू नका. या प्रकारात हळू बोललेलं पोचत नाही आणि जरा चढवलं की एकदम कानठळ्या बसतात. मधली जागाच अरुंद होते. म्हणून म्हातारी माणसं आधी "काय?" म्हणतात आणि लगेच "ओरडतेस कशाला?" म्हणतात. घरच्यांना तो तऱ्हेवाईकपणा वाटतो. समोर या, तोंडावर उजेड असू द्या, मिक्सर बंद करा आणि नेहमीपेक्षा किंचित सावकाश बोला.

पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. कानात मळ साचलाय का ते बघणं हे मिनिटाभराचं काम आहे आणि त्यात अनेकांचं निम्मं भागतं. मग ध्वनिरोधक खोलीत ऑडिओग्राम, म्हणजे तोच आलेख, आणि नुसते सूर नव्हे, शब्द ओळखायची चाचणीही करून घ्या. धनकवडीला भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं कॉलेज आहे, तिथेही तपासणी होते. यंत्र लागलं तर बहुधा दोन्ही कानांना लागेल. आणि पहिल्या दिवशी कोणालाही आवडत नाही, हे आधीच सांगून ठेवा. पातेल्यांचा आवाज, स्वतःच्या पावलांचा आवाज, सगळं अंगावर येतं. रोज थोडा वेळ घालून वाढवत न्यायचं. मेंदूला पुन्हा सवय व्हायला काही आठवडे जातात.

टाळू नका म्हणतो त्याला कारण आहे. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची जी यादी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिली, त्या १४ कारणांत ऐकू न येणं आहेच, आणि त्या वर्षी उपचार न केलेली अंधुक दृष्टीही तीत आली.

आता नाक. मिरचीचा ठसका ही वासाची परीक्षा नव्हे. मिरचीचं झोंबणं, अमोनियाचा भपकारा, कापराचा थंडावा या गोष्टी चेहऱ्याच्या संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नावाची वेगळी नस मेंदूकडे पोचवते. वासाची नस मंदावली तरी ती बऱ्यापैकी काम करत राहते. त्यामुळे आईंचा ठसका खरा आणि तुमचा संशयही खरा. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ६५ ते ८० वयाच्या निम्म्याहून जास्त आणि ८० च्या पुढच्या तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांचा वास बराच मंदावलेला निघाला होता. अनेकांना ते स्वतःला माहीत नसतं, कारण जिभेवरचं खारट, गोड, आंबट, कडू चालूच असतं. जेवणाची लज्जत मात्र बरीचशी नाकातून येते. ती उणी पडते आणि माणूस मिठाकडे वळतो.

डॉक्टर नाकात मांस वाढलंय का, सायनसचा त्रास आहे का, कुठल्या गोळीमुळे चव-वास बिघडलाय का, हे बघतील. काही वेळा पार्किन्सन्सची सुरुवातही वास जाण्यापासून होते, तेव्हा हात थरथरतो का, चाल बदललीय का, हेही सांगा. मंदावलेल्या वासासाठी एक व्यायाम आहे: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, रोज सकाळ-संध्याकाळ एकेक वास लक्ष देऊन घ्यायचा, असं निदान १२ आठवडे. सर्दी-तापाच्या विषाणूने गेलेल्या वासाला त्याचा उपयोग जास्त दिसतो, वयाने गेलेल्याला बेताचा. पण खर्च नाही आणि अपायही नाही.

भोसरीकर_७६

मेतकूटताई, मी तुमच्या आईच्या बाजूने लिहितो. वय नावातच आहे. भोसरीत प्रेसशॉपमध्ये नोकरी झाली, त्यामुळे कान पन्नाशीतच गेले. नंतर मोतीबिंदू झाला. नाकाचं म्हणाल तर तुमचं वाचून आज पहिल्यांदा शंका आली.

तुम्हा लोकांना वाटतं की आमच्याकडे हळूहळू अंधार होतो, शांतता होते. तसं काही होत नाही. आतून काहीच कमी झाल्यासारखं वाटत नाही. बाहेरचं बिघडतं. लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागतात. टीव्हीवरचे नट पुटपुटतात. पेपरवाले शाईत काटकसर करतात. जिन्यातला दिवा सोसायटीने मुद्दाम कमी पॉवरचा लावलेला असतो (मी सेक्रेटरीला पत्र दिलं होतं, त्याने बल्ब काढून वॅट दाखवले). हापूस पूर्वीचा राहिला नाही, आंबेमोहोराला वास नाही. आणि पंचाईत अशी, की यातलं काही काही खरंच असतं. आंबेमोहोर म्हणून पिशवीत काय काय भरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग शंका बाजारावर घ्यायची की स्वतःवर, हे माणसाने दर वेळी कसं ठरवायचं? तुमच्या आईने खोबऱ्याला नावं ठेवली ती खोटं बोलायला नव्हे. उभा जन्म खोबरं वाईट निघालं की ती तेच म्हणत आली असेल, आणि दर वेळी तेच बरोबर निघालं असेल.

आमच्या चिरंजीवांनी माझी परीक्षा घेतली होती. मागून हळू हाक मारायची आणि मी वळतो का बघायचं. मला कळलं होतं. पुढे बरेच महिने यंत्र लावलं नाही ते त्या रागाने. तेव्हा लपून लवंग हुंगायला देऊ नका. सरळ सांगा की इथे वाचलं, गंमत करून बघू, आणि तुम्हीही डोळे मिटा. तुमचीही साठी जवळ आली असेल, काय निघतं बघा तरी.

दुसरं, काम काढून घेऊ नका, वाटणी बदला. बेअरिंग गेलंय का हे आम्ही पोरवयात कानाने सांगायचो. माझा कान गेल्यावर मी हाउसिंगवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कवचावर, तळहात टेकून सांगायचो. नवीन पोरं ऐकायची, मी हात लावायचा आणि शेवटचा शब्द माझा. कोणी मला काढलं नाही, उलट निवृत्तीनंतर दोन वर्षं बोलावत होते.

अनघा_सिंहगडरोड

आधी डोळे दाखवा असं मी म्हणेन, कारण तिथे सगळ्यात लवकर फरक पडतो. माझ्या सासूबाई काळ्या समजून माझ्या गडद निळ्या साड्यांना नावं ठेवायच्या, "सणाला काळं काय नेसतेस?" डोळ्यातलं भिंग वयाने पिवळट होतं, त्यामुळे निळा रंग मरतो आणि पांढरट-पिवळसरमधला फरक कळत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. तुमचं खोबरं नेमकं तिथेच फसतंय ना, पांढऱ्याचं बदामी कधी झालं ते कळण्यात! मोतीबिंदू काढल्यावर घरी आल्या आणि पहिलं वाक्य, "हा ओटा किती दिवस असा आहे?" आठवडाभर मी तोंड लपवून होते. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी स्वयंपाकघर घासून घ्या, हा माझा खरा सल्ला.

तोवर शेगडीच्या वर पांढरा लख्ख दिवा लावा. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या तिपटीने कमी उजेड पोचतो म्हणतात, ८१ ला त्याहून कमी. आणि यंदाचं नीट भाजलेलं खोबरं, डाळी, तीळ छोट्या बरण्यांत नमुना म्हणून ठेवा, शेजारी धरून बघायला. महंमदवाडीचं ह. वि. देसाई नेत्र रुग्णालय माहीत असेलच. डोळ्याचा दाबही तपासून घ्या. काचबिंदू दुखतही नाही आणि कडेचं दिसणं कधी नेतो ते समजतही नाही.

पाईपलाईन

गॅसचं राहिलं. दोन्ही गॅसना स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. म्हणजे आख्ख्या देशाची सुरक्षा नाकावर सोडलेली आहे. तुमच्या घरात रात्री ते नाक फक्त तुमचं आहे, आणि तुम्ही गावाला गेलात की तेही नाही.

सेन्सर बसवा, पण जागा नीट. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, त्याचा सेन्सर खाली लागतो. पाईपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर जातो, त्याचा सेन्सर छताजवळ. सिलिंडरच्या काळातला सेन्सर खाली तसाच असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. विकत घेताना "मिथेन" लिहिलंय का वाचा. त्याहून महत्त्वाचं, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी शेगडी मिळते, ती घ्या. भाजणीला मंद आच लागते, खिडकीतून वारा आला की मंद ज्योत विझते, हा तुमचा खरा धोका. झोपताना मेन कॉक बंद. गळती वाटली तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. खिडक्या उघडून बाहेर पडायचं आणि मग फोन. सिलिंडरसाठी १९०६ आहे. पाईपवाल्यांचा आपत्कालीन नंबर एमएनजीएलच्या बिलावर असतो, तो फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा.

कर्णधार

वरच्यात एक भर. बाजारातल्या बऱ्याच अलार्मची शिट्टी ३००० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे म्हातारे कान जिथे कच्चे तिथेच. झोपताना यंत्रही काढलेलं असतं. आईंना त्यांच्या खोलीत झोपवून, दार लावून एकदा वाजवून बघा.

मेतकूट

सगळ्यांचे आभार. दसरा झाला, आता कळवते.

भोसरीकर काकांचं ऐकलं. वाट्या मांडल्या, दोघींनी डोळ्यांवर ओढण्या बांधल्या आणि शेजारच्या वहिनींना पंच नेमलं. आईने हिंग आणि लवंग ओळखली. धणे, जिरे, दगडफूल नाही. कॉफीला "काहीतरी गरम" म्हणाली. मी शहाजिऱ्याला जिरे म्हटलं, त्यावर ती इतकी खूश झाली की स्वतःचं विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आपणहून म्हणाली, "दगडफुलाची वाटी रिकामी होती ना?" नव्हती. "बरं," म्हणाली आणि पेपर उघडला. त्यावर आम्ही आणखी काही बोललो नाही.

कानातून मळ निघाला, तरी आलेख कर्णधारांनी सांगितला तसाच आला. यंत्र चाचणीसाठी घरी आणलंय. लावते, काढते. स्टीलच्या डब्यांच्या झाकणांवर फार राग आहे. डोळ्यांत दोन्हीकडे मोतीबिंदू, उजव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर, ओटा घासून ठेवते. नाकात मांस वगैरे काही नाही, वयाचं आहे म्हणाले. पार्किन्सन्सचंही काही लक्षण दिसलं नाही. हुंगायच्या व्यायामात गुलाब आणि निलगिरी तिने नापास केले. "मला काय अत्तराचं दुकान टाकायचंय?" त्याऐवजी धणे, दगडफूल, नागकेशर आणि लिंबू घेते. फरक पडेल न पडेल, बसते मात्र नेमाने. मीठ वेगळं काढून ठेवलंय, लिंबू आणि मिरपूड वाढवली. ती कुरकुरते, पण जेवते.

चकलीच्या भाजणीला वाटणी बदलली. ती स्टुलावर, मी कढईशी. मी नाक, मी कान. ती प्रत्येक डाळीचे दोन दाणे उचलून दाताखाली फोडते (दात स्वतःचे आहेत, याचा तिला गर्व आहे), चिमटीत चुरडते आणि सांगते. उडीद डाळीला मला खमंग वास आला म्हणून मी कढई उतरवायला निघाले, तर म्हणाली, "थांब. वरून झालीय, आत मऊ आहे." फोडून बघितली, तशीच होती. घाई असते मला, हे पुन्हा ऐकून घेतलं. तीळ मात्र तिने यंत्र लावून, एक्झॉस्ट बंद करून स्वतः भाजले आणि माझ्या आधी "उतरव" म्हणाली. कानाने की अंदाजाने, कोण जाणे.

खोबऱ्याचं सगळं ऐकून घेतलं तरी ते जुनाटच होतं, यावर ती ठाम आहे. पुढच्या वर्षी दुकान बदलायचंय.

शेगडी नवीन घेतली. मिथेनचा सेन्सर छताजवळ बसवला. पण कर्णधार म्हणाले तेच झालं: तिच्या खोलीत दार लावून वाजवला तर ती शांत झोपलेली. दिवा लागणारा काही प्रकार मिळतो का म्हणून तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानांत विचारलं, तर दारावरच्या बेलचे दिवे दाखवतायत. कुणी बसवलाय का असं काही?

पाईपलाईन

सेन्सरच्या माहितीपत्रकात "रिले आउटपुट" लिहिलंय का बघा. असेल तर कुठलाही बरा इलेक्ट्रिशियन त्यावरून तिच्या पलंगाशी लुकलुकणारा दिवा किंवा जाड आवाजाचा बझर जोडून देईल. जोडणीचं सगळं काम स्वयंपाकघराच्या बाहेर काढायला सांगा, ठिणगीचा प्रश्न नको. नसेल तर दुकानदाराला सेन्सर बदलून मागा, पावती जपून ठेवली असेल तर.

मेतकूट

पावती आहे. उद्या जाते.